परक्या शब्दाची ठेव

श्रवणबेळगोळला जाऊन आलेल्या बायकांना मी एक प्रश्न नेहमी विचारते. बाहुबली भगवंतांच्या पायाशी काय कोरलंय ते पाहिलंत का? बहुतेकजणी हसतात. पायऱ्या चढून दम लागलेला असतो, मान वर करून मूर्ती बघता बघता डोळे भरून येतात, खाली कोण बघणार! पण खाली बघण्यासारखं आहे. ही मूर्ती चामुंडरायाने करविली, अशी गोष्ट तिथे लिहिलेली आहे, आणि ती कन्नडमध्ये आहे, तमिळमध्ये आहे, मराठीतही आहे. मराठीचा जुना शिलालेख म्हणून शाळेत आपण ज्याचं नाव घोकलं, तो हाच.

करविणाऱ्याचं नाव तिन्ही भाषांत राहिलं. पण एका भाषेतलं वाक्य दुसऱ्या भाषेत कुणी नेलं, त्याचं नाव कुठेच नाही. लांबून येणाऱ्या यात्रेकरूला आपल्या भाषेत वाचता यावं, असं कुणाला तरी वाटलं असेल. त्याने ते काम केलं आणि तो बाजूला झाला.

हे नाव नसणं मला खटकत नाही. दुभाष्याच्या कामाची रीतच ती. मला छळतो तो दुसरा प्रश्न. दोन माणसांच्या मधे बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगणाऱ्याची जबाबदारी नेमकी किती? त्याच्या तोंडून खोटं गेलं तर ते कुणाचं खोटं? कठोर शब्द गेला तर तो कुणी दुखावला? आणि दया येऊन त्याने तो शब्द थोडा मऊ केला, तर ते पुण्य म्हणायचं की आणखी काही?

मी बेळगावची. घरात मराठी, दारात कन्नड आणि बस्तीत दोन्ही. खरेदीखतं, मृत्युपत्रं, पहाणीचे उतारे, शाळेचे दाखले यांची भाषांतरं करणं हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय. अधूनमधून कोर्टात आणि दवाखान्यात तोंडी दुभाषी म्हणूनही उभी राहते. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पोथीतला नाही, रोजच्या भाकरीचा आहे.

तसं पाहिलं तर आपण बायका जन्माच्याच दुभाषी. सासूबाई म्हणतात, "तिच्या माहेरच्यांना सांग, येताना रिकाम्या हातानं येऊ नका म्हणावं." आपण फोनवर सांगतो, "आई म्हणत होत्या, सगळे मिळून या, बरं का." सासरा जेवताना पुटपुटतो ते सुनेपर्यंत पोचत नाही, आणि सून ओट्याशी जे बोलते ते सासऱ्याच्या कानावर जात नाही. मधे एक बाई असते. कितीतरी घरं अशा दुरुस्त्यांवर उभी आहेत. त्याला मी पाप म्हणणार नाही. तिथे दोन्हीकडची माणसं आपली असतात, त्यांचे स्वभाव आपल्याला पाठ असतात, आणि उद्या बिघडलं तर निस्तरणारी आपणच असतो. शिवाय मनात आलं तर सासूबाई स्वतः फोन हातात घेऊ शकतात. भाषा एकच आहे ना!

धंद्याने दुभाषी असणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे बोलणाऱ्याला दुसरा रस्ताच नसतो. त्याचा शब्द माझ्याच हातातून जाणार, आणि मी वाटेत काय केलं हे दोघांपैकी एकालाही कळणार नाही. आपल्याकडच्या १९६९ च्या शपथ कायद्यात शपथ कुणी घ्यायची हे सांगताना साक्षीदाराच्या पाठोपाठ दुभाष्याचं नाव आहे. साक्षीदाराने खरं बोलायचं आणि दुभाष्याने ते खरं सांगायचं. कायदा करणाऱ्यांना या जागेतला धोका चांगला कळला होता.

या कामाचा पहिला नियम नव्या माणसाला फार विचित्र वाटतो. साक्षीदार "मी" म्हणाला तर दुभाष्यानेही "मी" म्हणायचं. "हा म्हणतो की याने विळा उचलला" असं नाही, तर "मी विळा उचलला." इस्त्रीची साडी नेसून, चष्मा लावून मी भर कोर्टात हे वाक्य पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं होतं. पण नियमामागे कारण आहे. "तो म्हणतो" सुरू झालं की कोण कुणाबद्दल बोलतंय याचा गुंता होतो, आणि दुभाषी नकळत बातमी सांगणारा बनतो, आपल्या शब्दांत, आपल्या सोयीने. "मी" म्हटलं की ती पळवाट बंद.

या नियमाची सगळ्यात कठीण परीक्षा न्यूरेंबर्गला झाली. दुसरं महायुद्ध संपल्यावर २० नोव्हेंबर १९४५ ला तिथे नाझी पुढाऱ्यांवर खटला सुरू झाला. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत काम चालायचं. बारा-बारा दुभाष्यांच्या तीन तुकड्या आळीपाळीने बसायच्या. बोलणाऱ्याचं वाक्य संपायची वाट न पाहता, कानाला यंत्र लावून, ऐकता ऐकता बोलायचं. बोलणारा फार वेगाने जाऊ लागला की दुभाषी पिवळा दिवा लावायचा, आणि अडलंच तर लाल. इतक्या मोठ्या प्रमाणावर असं काम जगात पूर्वी झालेलं नव्हतं. त्या दुभाष्यांत काही ज्यू होते, नाझींच्या छळामुळे देश सोडून गेलेले. ज्या माणसांनी आपली माणसं मारली, त्यांचा बचाव त्यांच्याच आवेशात, "मी" म्हणून, स्वतःच्या तोंडाने सांगायचा. "मला काही माहीत नव्हतं." "मी फक्त हुकूम पाळला." विचार करा, काय वाटत असेल.

आता आपल्या शास्त्राचा काटा इथे लावून बघू. आपण लहानपणापासून ऐकतो, कर्म तीन प्रकारे होतं: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, दुसऱ्याने केलेल्याला मान्यता दिलेलं. न्यूरेंबर्गचा दुभाषी आरोपीचं खोटं उच्चारतो तेव्हा ते खोटं त्याने रचलेलं नाही, कुणाकडून करवलेलं नाही, आणि मनाने त्याला मान्यताही दिलेली नाही. गळा त्याचा, शब्द त्याचा नाही. उलट, ते खोटं जसंच्या तसं न्यायाधीशांपर्यंत पोचलं म्हणूनच त्यांना ते खोटं म्हणून तोलता आलं. दुभाष्याने रागाने ते थोडं काळं केलं असतं, तर आरोपीला म्हणता आलं असतं की मी असं बोललोच नव्हतो, आणि खऱ्या गुन्ह्यावरचा खटलाही डागाळला असता.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: दुसऱ्याचं खोटं प्रामाणिकपणे पोचवणाऱ्याला ते खोटं चिकटत नाही.

जग मात्र नेहमी असा विवेक करत नाही. मेक्सिकोतली एक बाई मला फार आठवते. १५१९ साली स्पॅनिश सेनानी कोर्तेस तिथे उतरला तेव्हा किनाऱ्यावरच्या एका टोळीने त्याला वीस बायका भेट म्हणून दिल्या. त्यातली ही एक. तिला नाहुआत्ल आणि माया अशा दोन भाषा येत होत्या. राजाचं नाहुआत्लमधलं बोलणं ती मायामध्ये सांगायची, आणि माया जाणणारा एक स्पॅनिश माणूस ते पुढे स्पॅनिशमध्ये सांगायचा. स्पॅनिश लोकांनी तिचं नाव मारीना ठेवलं. जगात ती मलिंचे म्हणून ओळखली जाते. तिथले लोक तर कोर्तेसलाच तिच्या नावाने हाक मारू लागले. ज्याच्या तोंडून शब्द ऐकू येतो तोच बोलणारा वाटतो, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. साम्राज्य बुडालं. पुढे मेक्सिकोत परक्यांच्या मागे लागण्याच्या वृत्तीलाच तिच्या नावावरून शब्द पडला. तलवार चालवणारे वीर झाले आणि भेट म्हणून दिली गेलेली बाई घरभेदी ठरली. तिच्या मनात काय होतं हे तिने कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण जिला कुणी विचारलंच नाही, तिच्यावर सगळ्या युद्धाचा भार टाकणं हा न्याय नव्हे, एवढं म्हणायला इतिहासकार असावं लागत नाही.

हे झालं दुसऱ्याच्या पापाचं. आता दयेकडे येते, कारण आपल्यासारख्या बायकांची खरी अडचण तिथे आहे. खोटं सांगायचा मोह आपल्याला फारसा होत नाही. मऊ करून सांगायचा होतो.

आणि आपली शिकवणही तसंच सांगते की! जे बोलल्याने दुसऱ्याला पीडा होते ते खरं असलं तरी सत्य म्हणू नये. शिकारी विचारतो, हरीण कुठल्या वाटेने गेलं? साधू बोलत नाही. ही गोष्ट आपण पाठशाळेत ऐकली, मुलांना सांगितली. मग डॉक्टरने सांगितलेलं कठोर निदान मी थोडं गोड करून सांगितलं तर कुठे बिघडलं?

मी यावर पुष्कळ विचार केला. उत्तर मला सत्याणुव्रताच्या अतिचारांत सापडलं. तत्त्वार्थसूत्रात हे अतिचार पाच सांगितलेत. त्यातले काही जणू दुभाष्यासाठीच लिहिलेत. रहोभ्याख्यान म्हणजे एकांतातलं बोलणं उघड करणं. साकारमंत्रभेद म्हणजे दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून, हालचालीवरून ओळखलेलं गुपित फोडणं. कूटलेखक्रिया म्हणजे जे कुणी बोललं नाही ते बोलला असं लिहिणं. आणि चौथा आहे न्यासापहार, ठेव बुडवणं.

ठेव बुडवणं तर चोरीत मोडायला हवं, ते सत्याच्या खात्यात कसं आलं? जुन्या टीकाकारांनी ते फार नेमकं समजावलंय. एकाने आपल्याकडे द्रव्य ठेवलं. काही काळाने तो परत मागायला आला, पण आकडा विसरला, आणि ठेवलं होतं त्याहून कमी मागितलं. आपण म्हणालो, "होय, तेवढंच होतं." आपण हिसकावलं काहीच नाही. फक्त त्याच्या न कळण्याला मान डोलावली.

दुभाष्याचं मऊ करणं हे अगदी हेच आहे. डॉक्टर शंभर शब्दांची ठेव माझ्याकडे देतो. समोरच्या बाईला आकडा माहीत नाही. मी साठ शब्द तिच्या हातात ठेवते आणि चेहरा असा करते की तेवढेच होते. दया होती हे खरं, पण ठेव माझी नव्हती. साधूच्या गोष्टीत तर शिकाऱ्याला हरीण मिळवून देण्याचं काम साधूने घेतलेलंच नव्हतं. त्याच्याकडे कुणाची ठेव नव्हती, म्हणून त्याचं मौन शुद्ध राहिलं. मी मात्र मधल्या खुर्चीवर बसतानाच कबूल केलेलं असतं की दोघांचं जे असेल ते पोचवीन.

एकदा एका दवाखान्यात अशीच बसले होते. डॉक्टर कन्नड बोलणारे, आजी निपाणीकडच्या, फक्त मराठी समजणाऱ्या. मुलगा बरोबर होता, त्याला दोन्ही भाषा येत होत्या, पण डॉक्टरांनी मुद्दाम बाहेरचा दुभाषी मागवला होता. आत जाण्याआधी मुलाने मला बाजूला घेतलं. "अक्का, गाठ कसली आहे ते आईला सांगू नका. डॉक्टर काही बोलले तरी तुम्ही सूज आहे म्हणा. ती खचून जाईल." त्याचे डोळे भरले होते. वाईट माणूस नव्हता तो. आईवर जीव होता त्याचा.

मी त्याला म्हटलं, "दादा, हे मला जमणार नाही. पण तुमचं म्हणणं मी डॉक्टरांच्या कानावर घालते, तुमच्यासमोरच." तसं घातलं. डॉक्टर क्षणभर थांबले, मग आजींकडे वळून म्हणाले, आणि मी मराठीत सांगितलं, "आजी, तपासणीचे कागद आलेत. तुम्हाला सगळं ऐकायचंय, की मुलाशी बोललेलं चालेल?"

आजींनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "मलाच सांगा की. देह माझा हाय." मग सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. थोड्या वेळाने मुलाला म्हणाल्या, "आधी एकदा स्तवनिधीला नेऊन आण. आणि शालूला बोलवून घे. माझ्या पाटल्या तिला माझ्या हातानं द्यायच्यात."

मुलगा जाताना माझ्याशी बोलला नाही. त्याचा राग मी समजू शकते. पण त्या पाटल्यांचा विचार करते तेव्हा वाटतं, मी "सूज" म्हटलं असतं तर त्या बाईचं दुःख वाचलं नसतं, फक्त पुढे ढकललं गेलं असतं. आणि लेकीला आपल्या हाताने काही द्यायचं, देवदर्शन आधी करायचं, हे ठरवायची जी थोडी मोकळीक तिच्या हातात उरली होती, ती मात्र मी काढून घेतली असती. गोड शब्दाची किंमत कुणाच्या खिशातून जाते हे आपण पाहत नाही.

इथे कुणी म्हणेल, मग दयेला जागाच नाही का? आहे. आवाजात आहे. शब्द तोच ठेवून तो हळू सांगता येतो, समोरच्याकडे बघून सांगता येतो, डॉक्टरला "जरा थांबा, यांना श्वास घेऊ द्या" म्हणता येतं. पिवळा दिवा आपल्याकडेही आहे. आणि खरंच सोसत नसेल तर लालही आहे. "हे मला सांगणं शक्य नाही, दुसरा दुभाषी बोलवा," असं उघड म्हणायचं. दुभाष्याचं मौन ते. साधूच्या मौनाइतकंच स्वच्छ, कारण त्यात कुणाला फसवलेलं नाही. गुपचूप बदलणं आणि उघडपणे थांबणं, यांत सगळा फरक आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय सोडवत नाही. मन स्वच्छ असलं म्हणजे झालं, असंही नाही. १९८० साली अमेरिकेत फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका क्यूबन मुलाला बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात आणलं. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये सांगितलं की तो "इन्टॉक्सिकादो" आहे. क्यूबाकडे त्याचा अर्थ, काहीतरी खाण्यापिण्यातून बाधलंय. तिथल्या डॉक्टरांना त्याच्यासारखाच दिसणारा इंग्रजी शब्द ऐकू आला, नशेचा. औषधांच्या अतिसेवनाचे उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलगा जगला, पण हातपाय कायमचे गेले. पुढे भरपाईची रक्कम कोट्यवधी डॉलर्सची ठरली. तिथे कुणीच खोटं बोललं नव्हतं. धंद्याचा दुभाषी बोलावलेला नव्हता, कारण सगळ्यांनाच वाटलं की कळलं.

आपल्या सीमाभागात तर असे शब्द पावलोपावली. कन्नडमध्ये "अनुमान" म्हणजे शंका, संशय. मराठीत अनुमान म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. कन्नड साक्षीदार म्हणाला, मला अनुमान आहे, आणि भाषांतर करणाऱ्याने मराठीत तोच शब्द ठेवला, तर संशयाचा निष्कर्ष होऊन बसतो. कन्नड डॉक्टर "कष्ट" म्हणतात तेव्हा ते "अवघड आहे" म्हणत असतात, आणि आपल्या आजीला वाटतं काहीतरी राबायचंय. दोन्ही भाषा घरात आहेत म्हणून आपल्याला त्या येतातच, हा समज फार घातक. परक्याची ठेव सांभाळायची तर ती मोजताही यायला हवी. म्हणून शब्दकोश चाळणं, विचारणं, "पुन्हा सांगा" म्हणायला न लाजणं, हाही मी व्रताचाच भाग मानते.

भगवंतांच्या समवसरणात दिव्यध्वनी प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळायचा. माणसांना, देवांना, पशुपक्ष्यांनाही. तिथे मधे कुणाला बसावं लागत नव्हतं, असं आपल्याला वाटतं. पण आपल्या दिगंबर परंपरेत आणखी एक गोष्ट सांगतात. महावीरांना केवलज्ञान झाल्यावर ६६ दिवस दिव्यध्वनी खिरलाच नाही. इंद्रभूती गौतम आले, गणधर झाले, तेव्हा विपुलाचलावर वाणी सुरू झाली. साक्षात सर्वज्ञाची वाणीसुद्धा ती नीट झेलून पुढे नेणाऱ्या माणसासाठी थांबून राहिली.

आपण गणधर नाही. पण उद्या शेजारची काकू म्हणेल, "चल ग माझ्याबरोबर, त्या साहेबांचं कन्नड मला कळत नाही." तेव्हा जरूर जा. खुर्चीवर बसताना दोघांनाही ऐकू जाईल असं एवढंच आधी सांगा: "इथे जे बोललं जाईल ते सगळं मी दोन्हीकडे सांगणार, आणि बाहेर कुठेच सांगणार नाही. जे मला कळणार नाही ते मी पुन्हा विचारीन." काकू जरा चपापेल, साहेबही चष्म्यातून बघेल. बघू द्या. मग बोलायला सुरुवात करा.